तिसरं गाणं

माझा धाकटा भाऊ निखिल गेल्यापासून मी, तो गिटार वाजवायचा त्या बँडच्या दुसऱ्या अल्बमखालच्या प्रतिक्रिया वाचत बसते. अल्बम आला तेव्हा लोकांनी त्याला फारसं जवळ केलं नव्हतं. "पहिल्याची सर नाही," "नुसता गोंगाट," असं बरंच काही. एका समीक्षकाने तर 'दमलेला अल्बम' म्हणून दोन ओळींत निकाल लावला होता. आता तीच माणसं लिहितात, "काळाच्या पुढचं काम होतं, भावा." समीक्षकालाही त्यात एकाएकी खोली सापडली आहे. वाचून मला बरं वाटतं, हेही खरं.

एक गृहस्थ मात्र बदललेले नाहीत. तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "तिसरं गाणं फार लांबलंय." परवा लिहिलं, "आज पुन्हा ऐकलं. अजूनही लांबच वाटतं. पण गिटार थांबते तिथे वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तो तेव्हा निसटला होता."

मला आधी रागच आला. माणूस गेला तरी यांचं आपलं तेच! मग आठवलं, अल्बम आला त्या दिवशी निखिलने मला एवढंच विचारलं होतं, "ताई, खरं सांग, तिसरं लांबलंय का गं?"

"छे, मस्त झालंय," मी भाजी निवडता निवडता म्हणाले. ते गाणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. तो "बरं" म्हणून निघून गेला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या भावाच्या बाबतीत ती मी तो जिवंत असतानाच पाळली.