सगुणाचा मोकळा गळा

माझा धाकटा भाऊ परशुराम मुरबाडकडे भातशेती करतो. चांगला धडधाकट आहे, बायकोशी रोज भांडतो. पण आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत विचाराल तर तो वारलाय. मारला कोणी? नवरात्र मंडळाच्या माईकवाल्याने!

झालं असं. त्याची लेक कल्पिता नर्सिंगला लागली आणि माझ्याकडे राहायला आली. मंडळाने तिचा सत्कार ठेवला. परशुराम कापणीत अडकलेला, म्हणून भावजय सगुणा एकटीच आली. एसटीत चढताना तिचं मंगळसूत्र तुटलं, ते तिने पदराला बांधलं. घामाने कुंकूपण गेलेलं. स्टेजवर तो मोकळा गळा बघून माईकवाला सुटलाच. बापाचं छत्र हरपलेली लेक, एकटी माऊली, काय नि काय. अरे मेल्या, विचार तरी! मी उठणार तेवढ्यात अध्यक्ष प्रितमशेठनी डोळे पुसत जाहीर केलं, या पोरीची चारही वर्षांची फी मंडळ भरणार. टाळ्या पडल्या आणि मी होते तिथेच बसले.

परशुरामला सांगितलं तर तो जरासुद्धा चिडला नाही. म्हणाला, "जिता राहून मला तिची फी जमली नसती, आक्का. राहू दे मला मेलेला."

तेव्हापासून त्याचं माझ्या घरी येणं बंद. भाऊबीजेलाही मीच गावाला जाते. आणि दर नवरात्रात फी देताना मंडळ मायलेकींना स्टेजवर बोलावतं, तेव्हा सगुणा माझ्या आरशासमोर उभी राहून मंगळसूत्र काढते, कुंकू पुसते. नवरा जिता असताना! स्टेजवरच्या बायांना हळदीकुंकू लावतात, तिला तेवढं वगळतात. कल्पिताने हट्ट धरला होता, आत्या, मी सांगून टाकते. मीच तिला गप्प केलं. खरं बोलावं तर आम्ही लबाड ठरणार, फी बंद होणार आणि पोर परत भाताच्या बांधावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

यंदा शेवटचं वर्ष. परशुराम म्हणाला, एकदा तरी लेकीचा सत्कार डोळ्यांनी बघतो. इथे त्याला ओळखतंय कोण? मागच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसला. कल्पिताला शाल दिली तेव्हा टाळ्या वाजवून हात लाल केले त्याने.

मग प्रितमशेठनी माईक घेतला. ठाण्याच्या टेंभी नाक्याच्या देवीसारखा थाट करायची त्यांना भारी हौस. म्हणाले, पोरीने बापाचं नाव काढलं, आपण सगळे त्या बापासाठी दोन मिनिटं उभं राहू या.

सगळा मांडव उठला. स्टेजवर मायलेकींच्या माना खाली. परशुरामने जरा इकडेतिकडे बघितलं, मग तोही उठला, टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला.

मी नाही उठले. जळो ती फी, असं झालं मला. तर पुढची बाई वळून हळूच म्हणाली, "उठा हो मावशी, बाप गेलाय त्या पोरीचा."

मी भावाकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, ऊठ.

मी उठले.