पहिल्या पानाच्या तळाची ओळ

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक वाक्य आहे : ‘सदर लेखिकेची मांडणी आधीच्या ग्रंथावरच बेतलेली दिसते.’ मोठ्या ऐटीत लिहिलं होतं मी. सदर लेखिका म्हणजे मला बी.ए.ला शिकवणाऱ्या माझ्या बाई!

बाईंनी आयुष्यात एकच लेख लिहिला. त्यासाठी एसटीने नाशिकच्या आसपासची गावं पालथी घातली, फुलांच्या मळ्यांत बायकांशेजारी बसून गप्पा मारल्या. बाजारात बसणारी बाईच पुढच्या हंगामात शेवंती लावायची की झेंडू ते ठरवते, हे त्यांनी मांडलं. तोवर त्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

मला तो लेख कॉलेजच्या ऑनलाइन ग्रंथालयात सापडला. एका संपादित पुस्तकात तो पुन्हा छापलेला होता, आणि नोंदीत साल त्या पुस्तकाचं होतं. तिथे बटण दाबलं की संदर्भाची टीप आयती मिळते. मी दाबलं, चिकटवलं, झालं काम. त्या सालामुळे बाई तेच सांगणाऱ्या एका बड्या ग्रंथाच्या मागून आलेल्या दिसत होत्या. खरं तर त्यांचा लेख त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी एका लहानशा त्रैमासिकात आलेला.

आणि मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. लेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पूर्वप्रसिद्धीची ओळ होती. मी ती वाचली होती. पण प्रबंध दोन दिवसांत द्यायचा होता, आणि साल बदललं की अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं असतं. म्हटलं, मरू दे, कोण बघतंय!

बाईंनी बघितलं. डिग्री मिळाल्यावर मीच मिरवत प्रबंधाची प्रत आणि पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते. आठवड्याने त्यांनी बोलावलं. टीपॉयवर त्रैमासिकाचा पिवळा पडलेला अंक काढून ठेवलेला.

“अगं, हा तुला मिळाला नाही वाटतं,” त्या म्हणाल्या. “मला विचारायचंस ना. दिला असता की.”

माझ्यासाठी सबब त्यांनीच तयार ठेवली होती, आणि मी निर्लज्जपणे ती उचलली. “नाही ना मिळाला, बाई.”

“दुरुस्त करता येईल का गं कुठे?” त्यांनी इतकं हळू विचारलं, की जणू चूक त्यांचीच होती.

“पुढच्या लेखात नक्की करते,” मी म्हणाले. तो लेख मी अजून लिहिलेला नाही. बाईंचा फोन आला की आजही मी तो वाजून बंद होऊ देते.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पाचा कच्चा खर्डा दाखवायला आणला. त्यात माझं तेच वाक्य, खाली माझं नाव. “मॅडम, तुमचाच संदर्भ घेतलाय,” ती खुशीत म्हणाली.

“खोड ते,” मी म्हणाले. “चूक आहे. त्या बाईंचा लेख आधीचा आहे.”

तिने रेघ मारली. मग मान वर करून तिने साधेपणाने विचारलं, “तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं का, मॅडम?”

“नाही,” मी म्हणाले.