उभं राहायची जागा

"म्हंजे काय?" मावशीच्या या दोन शब्दांना मी भर कोर्टात वचकून असायचो. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात रिकामी पाटी, मान जराशी तिरकी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलत नाहीत.

किहीमजवळच्या किनाऱ्यावर ती बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील सुकवायची. तिच्या सासूनेही तिथेच सुकवले होते. शेजारी बंगला बांधणाऱ्याने एक दिवस त्या जागेला तारेचं कुंपण घातलं. जागा गेली की घरची चूल विझली. म्हणून ती अलिबागला माझ्या वकिली कचेरीत आली.

मला तेव्हा लॅटिनची भारी हौस. "मावशी, आपण स्टेटस को मागू," मी ऐटीत म्हणालो.

"म्हंजे काय?"

"जैसे थे."

"मंग तसंच बोल की. जीभ कशाला वाकडी करतंस?"

पुढे प्रत्येक शब्दाला तिने मला सोलून काढलं. बोनाफाईड म्हणजे शाळेतून मिळतो तो दाखला, यावर ती ठाम होती. त्याचा अर्थ 'मनात पाप न ठेवता' असा आहे, हे पटवताना माझा चहा निवून गेला.

सुनावणीला समोरचे वकील उठले. "बाईंच्या नावावर काहीच नाही. यांना लोकस स्टँडीच नाही."

मावशीने मागून माझा कोट ओढला. "म्हंजे काय?"

"दाद मागायचा हक्क," मी कुजबुजलो. "शब्दशः, उभं राहायची जागा."

झालं. मावशी सरळ पुढे गेली. "साहेब, मना उभं रव्हायची जागा न्हाय बोलतान. मंग इतकी वर्सं बोंबील काय झोपून सुकवलं?"

न्यायाधीश हसले, समोरचे वकीलही हसले. पण साहेबांनी जागेची पाहणी करायला लावली. तारांच्या आत मावशीचे जुने बांबू तसेच रोवलेले होते. निकाल तिच्या बाजूने लागला, कुंपण निघालं. कोळीवाड्याने मला खांद्यावर घेण्याचं तेवढं बाकी ठेवलं. घेतलं ते तिला.

मावशी आता नाही. कोर्टात उभा राहिलो की कोट ओढणारं कुणी नसतं, आणि फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. कोळीवाड्यात मात्र नळावर भांडण लागलं की बायका अजून विचारतात, "तुझा लोकस काय गो?"

परवा बंगल्यावरच्या एका पाहुण्याने मावशीच्या सुनेला हटकलं, "तुम्ही इथे कशा?"

"लोकस स्टँडी," ती न वळता म्हणाली.

पाहुणा गोंधळला. "म्हणजे काय?"

"उभी हाय," ती म्हणाली, आणि पुढचा बोंबील दोरीवर टांगला.