अर्ध्या माशाचा सूड

शेजारच्या अच्युतनं रायपूर स्टेशनवर चार अख्खे मासे ‘अर्धे’ म्हणून परत केले आणि छाती काढून तात्यापाऱ्यात भीमाबाईंच्या घरी आला.

“काकू, चोर होता तो! एकेका माशाची एकच बाजू. दोन्ही डोळे एकाच अंगाला, खालून पांढराफटक. म्हटलं, बाकीचा अर्धा दे, मंग नेतो!”

भीमाबाईंचा वाटणावरचा हात थांबला.

रेल्वेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या भीमाबाई सहसा रागावत नसत, राग साठवत. तीस वर्षांपूर्वी विशाखापट्टणमला थोरल्या जावेकडे, सुनीतीबाईंकडे, त्या पहिल्यांदा जेवायला बसल्या तेव्हा ताटात लेपा आला. खाडीच्या चिखलात चपटा पडून राहणारा, दोन्ही डोळे वरच्या अंगाला असलेला मासा. विदर्भात रोहूवर वाढलेल्या भीमाबाईंनी भाबडेपणानं विचारलं, “ताई, मले अर्धाच काहून?”

तेव्हापासून घरातल्या एकाही लग्नात सुनीतीबाईंनी हा किस्सा सोडला नाही. आज त्याच जेवायला येणार होत्या, म्हणून भीमाबाईंनी तिकडच्या गाडीनं मुद्दाम लेपाच मागवला होता. तीस वर्षं त्याही चिखलात पडून, दोन्ही डोळे वर लावून होत्या.

“पोट्ट्या, स्कूटर काढ.”

स्टेशनवर मासेवाला बर्फाचा डबा घेऊन अजून तिथंच बसला होता. “पूरी है भैया, ऐसीच रहती है,” तो अच्युतला म्हणाला.

घरी येताच भीमाबाईंनी माशाच्या शेपटीशी चीर दिली, बोटांना मीठ लावलं आणि एका ओढीत सर्रकन कातडं उतरवलं. अच्युतनं नकळत स्वतःची मान चाचपली.

जेवताना सुनीतीबाईंनी काटा न् काटा तपासला. खोट सापडेना, तेव्हा आणखी एक मागून घेतला. मग सवयीनं सुरू झाल्या, “भीमे, तुझा तो अर्धा मासा...”

“तो शिळा झाला, ताई. आता ताजा आयका.”

आणि भीमाबाईंनी अच्युतचा किस्सा सांगितला, स्टेशन, स्कूटर आणि काढलेल्या छातीसकट. सगळी पंगत हसून लोळली. सुनीतीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचं एकुलतं एक हत्यार ताटातल्या काट्यांशेजारी बोथट होऊन पडलं होतं.

निघताना अच्युत उंबऱ्यात घुटमळला.

“काकू, पुढच्या महिन्यात माझं मीराशी लग्न आहे. तिच्या माहेरच्यांसमोर तरी हे सांगू नका.”

“तेथंच तं सांगीन.”