पुढचा जिना

आमच्या हिच्या शिवणकामाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. स्वभावाला मात्र पुष्कळांनी ठेवली, आणि हिने ती कानाआड केली.

माझी निवृत्ती जवळ आली आहे. शिल्लक रजा वाया जाऊ नये म्हणून जुन्या शहरात एक फेरी मारू, असं मी सुचवलं. लेकीला आपण जन्मलो ती खोली बघायची होती, जावईबापू गाडी चालवायला तयार होते. हिने एकच अट घातली. "वर जायचं ते पुढच्या जिन्याने. नाहीतर गाडीतूनच घर दाखवा आणि चला परत."

त्या इमारतीत वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला आमची भाड्याची खोली होती. पुढे मालकांचं घर. पुढचा जिना रुंद, दगडी, पितळी कठड्याचा. तो त्यांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा. मागचा लोखंडी, सांडपाण्याच्या पाइपांना चिकटलेला, तो आमचा. त्याच्या वळणाआधीची एक पायरी गंजून गेली होती, ती आम्ही टांग टाकून ओलांडायचो. मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचे कपडे हीच शिवायची. ते घालून त्या पुढच्या जिन्याने मिरवत उतरायच्या, शिवणारी मागून.

शहर सोडताना, शिलाई मशीन तेवढं पुढून नेऊ द्या, असं हिने विनवलं. एकदा सवलत दिली की पायंडा पडतो, असं मोठ्या बाईंचं उत्तर आलं. मशीन मागच्या वळणावर अडकलं आणि त्याचं चाक फुटलं. ही रडली नाही. "पुन्हा आले तर पुढूनच येईन," एवढंच म्हणाली. नव्या शहरात त्याच मशीनला दुसरं चाक बसवून हिने दुकान थाटलं. आता हिच्या हाताखाली चार बायका शिवतात.

आम्ही येणार हे मी आधी फोन करून कळवलं होतं. दारात वॉचमनने निरोप सांगितला, की मागच्या खोलीवाल्यांनी मागून यावं, पुढच्या पायऱ्यांना नुकतंच पॉलिश केलंय. माझे पाय आपोआप वळले. नियम पाळण्यातच माझी हयात गेली आहे.

"अहो, कुठे निघालात?"

"तो म्हणतोय ना..."

"म्हणू द्या. त्याचं काम म्हणायचं, आपलं चढायचं."

हिचा गुडघा दुखरा. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलं आहे, म्हणून जावईबापू हात द्यायला पुढे झाले. हिने पर्स तेवढी त्यांच्या हातात दिली. पुढच्या जिन्याचं वळण जवळ आलं आणि आम्ही दोघांनीही एका चांगल्या धडधाकट पायरीवरून टांग टाकली. जावईबापूंनी तिथे पाणी सांडलंय का ते वाकून पाहिलं. लेक कठड्याला धरून हसत सुटली. ही हसली नाही. एक पायरी खाली उतरली, त्या पायरीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि मग तिच्यावरच बसली. अगदी मधोमध.

वरून मोठ्या बाई डोकावल्या. केस पार पिकलेले, आवाज तोच. "अगं, मागून आली असतीस तर जवळ पडलं असतं."

"जवळ पडायचंच, बाई," ही बसल्या जागेवरून म्हणाली. "पण मशीन अडकायचं."

मोठ्या बाई आत वळल्या. थोड्या वेळाने दाराची दुसरी झडपही उघडल्याचा आवाज आला. दम खाऊन झाल्यावर ही उठली आणि त्या उघड्या दारातून, बैठकीच्या खोलीतून, सरळ मागे गेली.

आमच्या खोलीत आता जुन्या गाद्या रचल्या आहेत. मशीन कुठे असायचं ते हिने लेकीला दाखवलं. चहाला थांबली नाही.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण. मागच्या जिन्याला दोन्ही बाजूंना धरायला आहे, असं जावईबापूंनी हळूच सुचवलं. लेकीने त्यांना कोपर मारलं. इकडे वॉचमन फडकं घेऊन कठड्यावरचे आमच्या हातांचे ठसे पुसत वर येत होता.

"थांब जरा," ही त्याला म्हणाली आणि पितळेवर पंजा घट्ट टेकवला. "आम्हाला अजून उतरायचंय."