सांडशी कुणाच्या हातात

वाळूजच्या कारखान्यात मी रोज यंत्राच्या पकडीत लालभडक लोखंड पाहतो. त्यामुळं गंगापूरच्या रस्त्याकडंला विळा करून घेताना लोहाराची सांडशी मला अगदीच किरकोळ वाटली. तो सांडशीत लोखंड धरून फिरवत होता, त्याची बायको घण घालत होती.

“जरा मी धरू का?” मी विचारलं.

त्यानं हसून सांडशी दिली. बाईनं घण उचलला, माझ्या हाताकडं पाहिलं आणि हळूच खाली टेकवला.

“भाऊ, हात कापतोय तुमचा. मला मारता यायचं नाय.”

लोहारानं सांडशी परत घेतली. ठिणग्या उडू लागल्या. घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडत होता, आणि बाईनं खुशाल डोळे मिटले होते.