भंवरीबाईंची जीभ

जालन्यात काष्ठौषधींची दुकानं पाच, पण जीभ एकच, भंवरीबाईंची! नागौरहून नवरी होऊन आल्या तेव्हाच सासऱ्यांनी ती पारखली. तेव्हापासून हिमालयातलं अतिविष अमृतसरहून आलं, की नवरा किशनलाल तराजू धरायचा आणि त्या एक कळी, म्हणजे सुकी मुळी, जिभेला टेकवायच्या. नुसती कडू लागली तर अतिविष, बाळगुटीतलं. जीभ बधिर झाली तर बचनाग, जहर! दोन्ही एकाच कुळातली, बर्फाच्या डोंगरात उगवणारी. खणणाऱ्याचा हात चुकला की एकाच पोत्यात यायची.

त्रेपन्न सालच्या भाद्रपदात नवं पोतं आलं ते नेमकं त्यांच्या अठाईच्या, म्हणजे आठ उपवासांच्या, शेवटच्या दिवशी. उकळलेल्या पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

संध्याकाळी टेंभुर्णीच्या दुर्गाबाई धापा टाकत आल्या. "शेठाणी, नातवाला दात येऊन राह्यलेत, पोट बिघडलंय. अतिविषाची कळी द्या बरं जल्दी!"

"मी चाखतो की!" किशनलालनं कळी जिभेला लावली आणि दुकानभर नाचला. "थू थू! सुन्न! बिलकुल सुन्न! बचनाग हाय, फेका पोतं!"

"सुणो हो, तोंडात काय होतं?" भंवरीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"काय न्हाई... लवंग."

"किती?"

"दोनच! म्हंजे, सकाळपासून आठ."

लवंगेनंच जीभ बधिर! दुर्गाबाई फिसकन हसल्या, पण लगेच पुढं सरकल्या. "मंग हे औषध हाय का जहर?"

भंवरीबाईंनी दुसरी कळी मोडली. कट्! आत खडूसारखी पांढरी, मधे काळे ठिपके. खूण तर अतिविषाचीच! पण नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर लेकराला द्यायचं? जिभेचं टोक शिवशिवलं. एकदा टेकवली की आठ दिवस वाया.

"आता गाडी न्हाई तुमची. सकाळी माझं पारणं. ऱ्हावा इथंच."

सकाळी सुनेनं मुगाचं पाणी पुढं केलं. भंवरीबाईंनी वाटी बाजूला सारली आणि तीच मोडलेली कळी जिभेवर ठेवली! दुर्गाबाई पुढं वाकल्या. किशनलाल चक्क लवंगेविना उभा. भंवरीबाईंचे डोळे मिटलेले, तोंड वाकडं.

"शेठाणी, बधिर झाली का जीभ?"

त्यांनी कळी जिभेवर आणखी एकदा घोळवली. मग कळी थुंकून भंवरीबाई टाळी पिटत ओरडल्या, "कडू! दुर्गाबाई, लई कडू! नुसती कडू!"

"मंग तीच द्या!"

"अहो, उष्टी हाय!"

"उष्टी हाय म्हणूनच पक्की हाय!" दुर्गाबाईंनी कळी धुऊन पदराच्या गाठीत बांधली आणि गाडीकडं पळत सुटल्या.